उशिरा लिहिलेलं शहर

मराठी साहित्यव्यवहारात एक समज चांगलाच मुरला आहे. शहरावरची कथा-कादंबरी तरुणपणीच लिहून व्हायला हवी, त्या वयात जमलं नाही तर पुढे तो नाद सोडावा, असं हा समज सांगतो. पोरांची शिक्षणं उरकून, घराचे हप्ते फेडून, पन्नाशी-साठीला कुणी अर्धवट राहिलेली मुंबईची कादंबरी पुन्हा हाती घेतली, की ती निवृत्तीनंतरची हौस म्हणून न वाचताच बाजूला पडते. या समजामागची कारणं पोकळ नाहीत. शहर भराभर बदलतं, त्यामुळे जुनं शहर डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला आजचं शहर दिसेनासं होतं आणि तो हळहळत राहतो. बोलीही हातची सुटते. आणि ज्याला खरोखर लिहायचं होतं त्यानं इतकी वर्षं दम धरलाच कसा, हा प्रश्न तर थेट वर्मावर बोट ठेवणारा आहे. हे सगळं ऐकून घेऊनही मला हा समज चुकीचा वाटतो, आणि मराठी कादंबरीचं त्यानं मोठं नुकसान केलं आहे असंही वाटतं. शहराच्या कादंबरीचा विषय मुळात शहरातला बदल हाच असतो. तो बदल एका माणसाच्या तारुण्यात मावत नाही. त्याचं एक टोक विशीत दिसतं आणि दुसरं पन्नाशीनंतर. दोन्ही टोकं पाहिलेला माणूस लिहायला बसतो नेमक्या त्याच वेळी आपण त्याला उशीर झाला म्हणून परत पाठवतो.

आधी आपल्याच पुस्तकांकडे पाहू. ‘वासूनाका’ १९६५ साली आलं. नाक्यावर टवाळक्या करणाऱ्या पोरांची भाषा त्यात जशीच्या तशी आली म्हणून मोठा गदारोळ झाला, आचार्य अत्र्यांनी त्यावर झोड उठवली. त्या पोरांच्या तोंडची ती भाषा लिहिणारे भाऊ पाध्ये तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. झोपडपट्टीचं जग उघडं करणारं जयवंत दळवींचं ‘चक्र’ १९६३चं. दळवी तेव्हा अडतिशीत. त्याच वर्षी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह घेऊन आलेले बाबुराव बागूल त्यांच्याहून लहान, पण तेही तेहतिशीत पोचलेले. याच्या विरुद्ध बाजूला सगळ्यात भक्कम उदाहरण नामदेव ढसाळांचं. ‘गोलपिठा’ १९७२ला आला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि त्या पुस्तकाच्या ताकदीविषयी वाद घालायचं कारण नाही. पण ती कविता आहे. कवितेला एका रात्रीचं शहर पुरतं, तिथे काय पेटलं आहे ते तिला दिसलं की झालं. कादंबरीला त्या पेटलेल्याचं पुढे काय झालं तेही सांगावं लागतं. कोण जळालं, कुणी विमा उतरवला होता, मोकळी झालेली जागा कुणाच्या नावावर चढली, हे कळायला वेळ जावा लागतो आणि तो वेळ प्रतिभेच्या जोरावर आधी मिळवता येत नाही.

गिरणी संपाइतकं याचं ठळक उदाहरण दुसरं नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरणगावात वाढलेले जयंत पवार तेव्हा एकविशी-बाविशीत होते. त्यांचं ‘अधांतर’ हे नाटक रंगमंचावर आलं १९९७मध्ये, आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह २०१०मध्ये, म्हणजे संपानंतर अठ्ठावीस वर्षांनी, लेखकाच्या पन्नाशीत. दोनच वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही पुस्तकं १९८३ साली का लिहिली गेली नसती? कारण गोष्ट तोवर घडलीच नव्हती. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला; आपण हरलो हेच कित्येक घरांना फार उशिरा समजलं. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं ते सांगणारा विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम १९९१चा. जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१मध्ये हा नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन त्यातून निसटली, म्हणजे वाट्याला येणारा तुकडा एकदम आक्रसला. त्या बदलावर सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं २००६ साली. संप, बेकारी, पोरांचं वाहवत जाणं, गिरणीच्या आवारात उभा राहिलेला मॉल आणि त्या मॉलच्या दारावर सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा असलेला कामगाराचा मुलगा ही एकच गोष्ट आहे आणि ती चोवीस-पंचवीस वर्षं घडत होती. बाविशीतल्या कोणत्याही लेखकाला तिचा पहिला अंकच लिहिता आला असता.

पुनर्वसनाच्या कागदांतही हेच दिसतं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ‘परिशिष्ट दोन’ नावाची एक यादी असते. त्या वस्तीत राहणारा प्रत्येक माणूस तिथे एका ओळीत बसवलेला असतो: झोपडीचा क्रमांक, नाव, वापर निवासी की बिगरनिवासी, क्षेत्रफळ, पुरावा कोणता, आणि शेवटी पात्र की अपात्र. पुरावा म्हणजे मतदारयादीतलं नाव, विजेचं बिल, रेशनकार्ड. त्यावर तारीख कोणती हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पात्रतेची रेषा आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे पडल्यामुळे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. मधल्या काळात नवरा वारला तर वारसनोंदीसाठी विधवा सुनेला आणि लग्न होऊन गेलेल्या नणंदेला एकाच कागदावर सह्या कराव्या लागल्या. वीस वर्षांच्या भांडणाचं, प्रेमाचं, लबाडीचं कथानक त्या एका ओळीत दबलेलं असतं. बीडीडी चाळींचंही तसंच. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७मध्ये झालं आणि वरळीतल्या पहिल्या कुटुंबांच्या हाती पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५मध्ये. नुसत्या घोषणा ऐकण्यात एकेकाची हयात गेली. हे कागद ज्यांनी तीस वर्षं हाताळले, ते वॉर्ड ऑफिसातले कारकून, सोसायट्यांचे सेक्रेटरी, बँकेतले, वीजकंपनीतले, भाडेवसुलीतले लोक, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी कॉलेजात असताना कथा लिहिल्या होत्या. लेखनाची वर्षं नोकरीत वाया गेली असं त्यांना लोकही सांगतात आणि तेही स्वतःला सांगतात. शहर चालतं कसं हे आतून माहीत असलेली माणसं हीच आहेत. मराठी शहरी कादंबरीत माणसांची मनं भरपूर सापडतात; घर, पैसा आणि कागद यांचं नेमकं ज्ञान फार कमी सापडतं. ही तूट भरून काढायची तर याच लोकांकडे जावं लागेल.

आता स्मरणरंजनाचा आक्षेप. उशिरा लिहिलेल्या शहरी गद्यात चाळीच्या गॅलरीतली दिवाळी, इराण्याचा चहा, ट्राम आणि तेव्हाची माणसं किती जीव लावायची, याचा रतीब असतो हे खरं आहे. असलं लेखन मलाही नको आहे. ते त्या चाळींवरच अन्याय करतं, कारण त्याच गॅलरीत कुणाला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता आणि कोणती बाई रात्री मार खात होती हे त्यातून साफ पुसलं जातं. पण हा दोष पद्धतीचा आहे, वयाचा नव्हे. पंचविशीतली मुलंही आपल्या शाळेच्या दिवसांवर हेच करतात. डॅनियल डीफोचा ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ १७२२चा आहे. लंडनमधली ती साथ होती १६६५ची. तेव्हा डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता, पुस्तक लिहिलं तेव्हा साठीच्या पलीकडे गेलेला. आठवणींवर विसंबला असता तर त्याच्या हाती काही लागलं नसतं. त्यानं शहराचे कागद घेतले: प्रत्येक पॅरिशमध्ये आठवड्याला किती माणसं दगावली याचे छापील तक्ते, घरं बंद करण्याचे हुकूम. आकडे फुगत जातात, एका वस्तीतून दुसरीत सरकतात आणि त्यातून लंडन उभं राहतं. थिओडोर फोंटानंचं उदाहरण आणखी बोलकं आहे. औषधविक्याचं काम, मग पत्रकारिता, नाट्यसमीक्षा यांत आयुष्य काढून त्यानं पहिली कादंबरी प्रसिद्ध केली १८७८ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. बर्लिनवरच्या ज्या कादंबऱ्यांसाठी तो वाचला जातो त्या बहुतेक सत्तरीच्या आगेमागे आल्या. रोपवाटिकेत राहणारी कष्टाळू मुलगी आणि सरदारघराण्यातला अधिकारी यांच्या प्रेमाची गोष्ट १८८८ची, नवश्रीमंत कारखानदारांच्या घरातली ‘फ्राउ येनी ट्राइबेल’ १८९२ची. प्रशियाची राजधानी १८७१नंतर साम्राज्याची राजधानी झाली, पैसा आला, माणसं आली, जुनी प्रतिष्ठा आणि नवा पैसा एकमेकांना घासू लागले. आधीचं बर्लिन ज्यानं पाहिलं नव्हतं त्याला हे घासणं ऐकू आलं नसतं. फोंटानं कुठेही उसासे टाकत नाही. तो माणसांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवतो आणि बोलू देतो.

खरी तळमळ असती तर वेळ काढला असता, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो नैतिक भाषेत बोलतो आणि वस्तुस्थितीकडे पाहत नाही. दीडशे चौरस फुटांत सात माणसं राहत असतील तर टेबल कुठे मांडायचं? पहाटे पाण्याची वेळ, मग विरार किंवा कर्जतहून निघून दोन तासांचा लोकलचा प्रवास, संध्याकाळी तोच उलटा, आणि बाई असेल तर घरी आल्यावर दुसरी पाळी. कविता या फटींत होते, कथा कशीबशी होते. कादंबरीला मात्र सलग महिने लागतात आणि या शहरात सलग महिने ही मालमत्ता आहे, ती ज्यांच्याकडे आहे त्यांना तरुणपणी लिहिता येतं. म्हणून ‘तळमळ’ मोजायला निघालेला माणूस पुष्कळदा वडिलांनी ठेवलेला ब्लॉक मोजत असतो. ऊर्मिला पवारांचा जन्म १९४५चा, नोकरी सरकारच्या बांधकाम खात्यात. त्यांचा ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह आला १९८८मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी. तोवर त्यांच्यात तळमळ नव्हती असं कोण म्हणेल? किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’नंतर, म्हणजे १९७४नंतर, त्यांची पुढची कादंबरी यायला १९९५ उजाडलं. ती ‘रावण अँड एडी’, इंग्रजीतली, पण मुंबईच्या चाळीतली. एका मजल्यावर हिंदू मुलगा, वरच्या मजल्यावर ख्रिस्ती मुलगा. मधली एकवीस वर्षं मौनाची दिसतात खरी, पण स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेल्या त्या मुलांकडे इतक्या निर्भीडपणे पाहायला हे अंतर कामी आलं आहे. पेनेलोपी फिट्झगेराल्ड शाळांतून शिकवत होत्या, मुलं वाढवत होत्या; पहिली कादंबरी साठीत, १९७७ला. टेम्स नदीवरच्या बोटींत राहणाऱ्या लंडनकरांची ‘ऑफशोअर’ दोन वर्षांनी आली आणि तिला बुकर मिळालं. त्या स्वतः तशाच बोटीत कुटुंबासह राहिल्या होत्या आणि ती बोट बुडाली होती १९६३ला. बोट बुडत असताना कुणी कादंबरी लिहीत नाही.

उशिराची किंमत मोजावी लागते, हे मात्र लपवू नये. हेन्री रॉथची ‘कॉल इट स्लीप’ ही न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडमधल्या स्थलांतरित ज्यू मुलाची कादंबरी १९३४ची. रॉथ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. पुढची कादंबरी १९९४ला आली, तब्बल साठ वर्षांनी, आणि दुसऱ्या वर्षी तो वारला. या उत्तरकाळातल्या खंडांना पहिल्या पुस्तकाची उंची नाही असं अनेक समीक्षक म्हणतात आणि मला ते बरोबर वाटतं. तरी पहिल्या पुस्तकात जे सांगण्याची रॉथची छाती झाली नव्हती ते त्यानं या खंडांत सांगितलं, तेही एक काम आहे. साठीत सुरुवात करणाऱ्याकडे सहा कादंबऱ्यांचा अवकाश नसतो, कदाचित दोनच होतील. प्रकृती दगा देते, वाक्य पूर्वीसारखं उसळत नाही. म्हणूनच अशा लेखकानं पहिलं वर्ष बालपणाच्या आठवणी उतरवण्यात घालवू नये. त्यानं वस्तीत परत जावं, लोकांना प्रश्न विचारावेत, जुनी बिलं आणि नोटिसा काढाव्यात, आपल्या आठवणीला खोटं पाडणारा कागद मुद्दाम शोधावा. चाळीस वर्षांपूर्वीचा तो अर्धवट खर्डा शक्यतो बाजूला ठेवावा. त्यात लिहिणारा माणूस आहे, शहर फार थोडं आहे.

भाषेविषयीही बोललं पाहिजे, कारण तिथे आक्षेप घेणारे स्वतःला सगळ्यात सुरक्षित समजतात. हिंदी-इंग्रजी मिसळलेली, मोबाइलवर घडलेली आजची मुंबईची मराठी साठीतल्या लेखकाला कशी येणार? ती त्याच्या तोंडात नसेल, कबूल. पण कादंबरीकाराला ती बोलायची नसते, ऐकायची असते. नाक्यावरच्या पोरांची भाषा पाध्यांना चाळिशीच्या तोंडावर ऐकू आली, कारण ते कान देऊन उभे राहिले. शिवाय शहर काही एकाच वयाच्या भाषेत बोलत नाही. एका घरात आजी मालवणी बोलते, बाप गिरणीतल्या युनियनची भाषणी मराठी, नातू हिंदीच्या वळणाची. आणि हे तिघे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसासमोर बसले की तिघांचीही भाषा आणखी वेगळी होते. हा पल्ला पकडायचा तर या तीनही थरांशी ज्याचं रोजचं बोलणं आहे असा माणूस हवा. आजी, बाप आणि नातू या तिघांशी ज्याची ऊठबस झाली आहे तो आज साठीच्या घरातलाच असणार.

व्यवस्थेनं मात्र वयाची बाजू एकतर्फी घेतली आहे. साहित्य अकादमीनं २०११पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. तो आवश्यक होता. अवधूत डोंगरे, प्रणव सखदेव यांच्यासारख्या शहराकडे ताज्या नजरेनं पाहणाऱ्या लेखकांपर्यंत वाचक त्यामुळेही पोचले. त्याच्या विरोधात माझं काही म्हणणं नाही. पण पन्नाशीनंतर पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याकडे लक्ष वेधणारं त्या तोडीचं काही आपल्याकडे नाही. मग तो लेखक पदरमोड करून पुस्तक छापतो, नातेवाइकांत वाटतो आणि तेवढ्यावरून त्याच्यावर हौशी असा शिक्का बसतो. संपादकानं कठोरपणे हात फिरवला असता तर त्यातली काही पुस्तकं उभी राहिली असती. कठोर संपादन हा तरुण लेखकाला मिळणारा मान आहे. वयस्कर लेखकाला त्याऐवजी सौजन्य मिळतं आणि त्या सौजन्यानं त्याचं पुस्तक मरतं.

या काळात न लिहिलेलं किती साठलं आहे ते पाहिलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. पहिली मोठी सोडत २०१२ला निघाली तेव्हा घरं होती सात हजारांहून कमी, आणि अर्जदारांत कितीतरी वारस होते. त्या प्रत्येक अर्जामागे कामगाराच्या मुलामुलींमधलं एक वाटप आहे, त्यावर कादंबरी कुठे आहे? नवी मुंबईचं तर नावच घेतलं जात नाही. सिडको १९७०ला स्थापन झाली, भातशेती आणि मिठागरं असलेल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. ते भूखंड कुणी राखले, कुणी विकले, विकून आलेल्या पैशाचं घरात काय झालं, टॉवरांच्या मधे अडकलेल्या गावठाणात सून आणि सासू आज कोणत्या बोलीत भांडतात, हे सगळं पाहिलेली माणसं १९८४ला विशीत होती. त्यांच्यातली एखादी बाई आज दुपारच्या वेळी पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहीत असेल, तर संपादकांनी ते तिच्याकडून मागून घ्यावं, जन्मतारीख न विचारता वाचावं, आणि पसंत पडलं नाही तर पंचविशीतल्या मुलाला सांगतात तितक्याच स्पष्टपणे कुठे फसलं ते तिला सांगावं, म्हणजे ती दुसरा खर्डा लिहायला घेईल.